बेशरमची चटक लागलेली शेळी: ओळख, उपाय आणि बंदोबस्त

तळ्याच्या, नाल्याच्या, कॅनॉलच्या काठाने भर उन्हाळ्यातही हिरवंगार उभं असणारं आणि गुलाबी-जांभळ्या भोंग्यांसारख्या फुलांनी लगडलेलं झुडूप म्हणजे बेशरम. तोडलं तरी फुटतं, उपटून फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं, म्हणून हे नाव. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत असा सगळ्यांचा समज आहे आणि रानात चारा असेपर्यंत तो खरा ठरतो. मार्चनंतर बांध कोरडे पडतात, गवत संपतं, हिरवं म्हणून डोळ्यांसमोर फक्त बेशरम उरते. तेव्हा भुकेली शेळी तिचा पाला खाते. काही आठवड्यांनी तीच शेळी पाय फाकून, मान थरथरवत उभी राहते आणि घरात चर्चा सुरू होते ती वाऱ्याची, मिरगीची नाहीतर बाहेरच्या बाधेची.

दोन गोष्टी सुरुवातीलाच पक्क्या करा. पहिली, हे विष चढायला वेळ लागतो. एक-दोन घासांनी शेळी मरत नाही, रोज खात राहिली तर काही आठवड्यांत बिघडते. म्हणजे हाताशी वेळ असतो. दुसरी, सगळा कळप एकाच दिवशी खायला लागत नाही. आधी एखादी शेळी खाते, तिला चटक लागते आणि तिचं बघून बाकीच्या शिकतात. ब्राझीलमध्ये शेळ्यांवर झालेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं आहे. त्यामुळे औषध शोधण्याआधी ती पहिली शेळी शोधा.

झाडाची खात्री करा

शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया, उपजात फिस्ट्युलोसा. फिस्ट्युला म्हणजे नळी. खोड आडवं कापलं की आत पोकळी दिसते. मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं हे झाड शोभेसाठी आणि कुंपणासाठी जगभर नेलं गेलं. कमरेपासून ते डोक्याच्याही वर, साधारण एक ते तीन मीटर उंच होतं. पान हृदयाच्या आकाराचं, टोकाकडे निमुळतं, 10 ते 25 सेंटिमीटर लांब. देठ मोडला की पांढरा चीक येतो. फळात बहुधा चार बिया, त्यांवर तपकिरी रेशमी लव असते.

हे रताळ्याच्या कुळातलं झाड, म्हणून फुलं पाहून घोटाळा होतो. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो, बेशरम स्वतःच्या खोडावर उभी राहते. रताळ्याचा ताजा पाला जनावरांना चालतो. काळी पडलेली, बुरशी आलेली रताळी मात्र गाईगुरांपुढे टाकू नका. बुरशी लागली की रताळं स्वतःच्या बचावासाठी काही रसायनं तयार करतं, बुरशी त्यांचं रूपांतर फुप्फुसावर आघात करणाऱ्या विषात करते आणि जनावर धापा टाकत मरतं. झाड आणि बुरशी मिळून विष करण्याचा प्रकार या कुळात एकाच ठिकाणी थांबत नाही.

विष झाडाचं की बुरशीचं?

बेशरमच्या पाल्यातलं मुख्य विष आहे स्वेन्सोनिन. ते प्रथम 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात स्वेन्सोना नावाच्या रानटी शेंगवर्गीय झाडातून वेगळं केलं गेलं, त्यावरूनच हे नाव. अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरं, मेंढ्या आणि घोड्यांना वेड लावणारं ‘लोकोवीड’ आहे, त्यातलं विषही हेच. तिथे हे विष झाड नव्हे तर झाडात राहणारी बुरशी तयार करते, हे आधी सिद्ध झालं. पुढे 2013 मध्ये बेशरमच्या बाबतीतही तेच दिसून आलं. बुरशी वेगळ्या गणातली, विष तेच. बुरशीनाशक लावलेल्या बियांतून वाढवलेल्या बेशरमच्या रोपांत स्वेन्सोनिन सापडलं नाही.

ही बुरशी ज्वारीवरच्या काणीसारखी किंवा द्राक्षावरच्या भुरीसारखी डोळ्यांना दिसत नाही. पानावर डाग नाही, पावडर नाही, झाड मरगळत नाही. ती झाडासोबत नांदते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. त्यामुळे ‘निरोगी दिसतंय, खाऊ दे’ हा हिशेब इथे चालत नाही.

मग बुरशीनाशक फवारलं तर? उभ्या झुडपावर फवारून काहीही साधणार नाही. वर बेशरम स्वतःही कॅलिस्टेजिन नावाची दुसऱ्या जातीची रसायनं बनवते. बुरशी काढलेल्या रोपांतही ती शिल्लक होती. न्यूझीलंडमध्ये रायग्रास गवतातल्या बुरशीमुळे मेंढ्यांना झटके येतात. तिथे शास्त्रज्ञांनी जनावराला कमी त्रास देणारी बुरशी निवडून ती गवतात सोडली, कारण त्यांना ते गवत हवंच आहे. आपल्याला बेशरम चारा म्हणून नकोच आहे. इथे झाडच हटवायचं.

शेळीच्या शरीरात नेमकं काय बिघडतं तेही समजून घ्या, कारण उपचाराचा सगळा निर्णय त्यावर ठरतो. प्रत्येक पेशीत कचरा मोडण्याची छोटी पिशवी असते. तिथे अल्फा-मॅनोसिडेज नावाचं विकर साखरेच्या साखळ्या तोडतं. स्वेन्सोनिन त्याला अडवतं. न मोडलेल्या साखळ्या साठत जातात आणि पेशी फुग्यांनी भरल्यासारखी दिसते. यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, थायरॉईड सगळीकडे हे घडतं, पण सगळ्यांत वाईट फटका बसतो लहान मेंदूला. तोल सांभाळणं हे त्याचं काम. पाला बंद झाला की विकर पुन्हा कामाला लागतं आणि साठलेला कचरा हळूहळू निघतो. मात्र ज्या मेंदूपेशी मेल्या त्या परत येत नाहीत. म्हणून पहिल्या लक्षणाला पाला थांबवला तर शेळी सावरते आणि महिनाभर उशीर झाला तर ती कायमची झोकांड्या खाते.

कळपाची तपासणी

सुरुवात फार साधी असते. शेळी सुस्त, केस राठ आणि उभे, खाऊनही वाळत चाललेली. जंताचं औषध दिलं जातं, फरक पडत नाही. त्यानंतर डोक्याला बारीक कंप येतो. शेळी एखाद्या वस्तूकडे तोंड नेते तेव्हा तो ठळक दिसतो: पाण्याच्या घमेल्याजवळ तोंड नेताना मान हलते आणि तोंड घमेल्याच्या काठावर आपटतं. पुढे पाय फाकून उभं राहणं, चालताना पाय गरजेपेक्षा उंच उचलून आपटणं, वळताना मागचा भाग बाजूला जाणं, उठताना धडपड. गाभण शेळी गाभडते किंवा अशक्त, पाय वाकडे असलेलं करडू देते.

शेळ्या गोठ्यात उभ्या असताना हे लपून राहतं. म्हणून सकाळी सोडण्याआधी त्यांना वीसेक पावलं पळवा आणि मागून बघा. जी शेळी शेवटी राहते, जिचे मागचे पाय एका रेषेत पडत नाहीत, ती बाजूला काढा.

मग मान वर करून तपासा. गुळगुळीत फरशी नको, दगडधोंडे नकोत, सपाट मातीची जागा घ्या. एकाने शेळीच्या कडेला उभं राहून एक हात जबड्याखाली ठेवायचा, दुसरा खांद्यावर. डोकं हळूहळू वर उचलायचं, नाक आकाशाकडे होईपर्यंत. तसंच साठ आकडे मोजून धरायचं आणि अलगद सोडायचं. निरोगी शेळी डोकं झटकून चालू लागते. बाधा झालेली शेळी सोडताच डोलते, मागच्या पायांवर बसते किंवा मागे कोसळते. कळपात चांगली दिसणारी, पण आतून बिघडलेली शेळी याच तपासणीत सापडते. गाभण शेळीला दोघांनी धरा, पडू देऊ नका.

एक सावधगिरी. शेळीला कुत्रा चावल्याची शंका असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, ती अंगावर येत असेल तर तिला हात लावू नका. ते रेबीज असू शकतं. तोंडात हात घालून औषध पाजणं तर मुळीच नको. तिला वेगळी बांधा आणि पशुवैद्यकांना बोलवा.

तोल जाण्याची इतर कारणंही असतात. एकाच दिशेला गोल फिरणारी शेळी बहुधा लिस्टेरिओसिस (मेंदूला होणारा जिवाणूंचा संसर्ग) किंवा मेंदूतल्या गिडाची (पट्टकृमीच्या अळीची गाठ) असते. आंधळ्यासारखी भिंतीला डोकं टेकणारी शेळी ‘ब 1’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची असू शकते आणि तिला वेळेत इंजेक्शन मिळालं तर ती लवकर सुधारते. घाणेरीच्या (टणटणीच्या) विषबाधेत कावीळ होते आणि उन्हाने कातडी सोलते, बेशरममध्ये तसं होत नाही. ताप नाही, अनेक शेळ्यांना कमी-जास्त प्रमाणात तोच त्रास आणि चरायच्या वाटेवर कुरतडलेली बेशरम, हे तिन्ही जुळलं तर शंका बळकट धरा. कुरतडल्याची खूण सोपी आहे. शेळीच्या तोंडाच्या उंचीपर्यंत झुडपाची पानं गायब, नुसते देठ उरलेले आणि वरचा भाग हिरवा.

शेळी सापडली, आता काय?

या विषावर उतारा नाही. कोणी खात्रीने इंजेक्शन विकत असेल तर पैसे वाचवा. ज्या क्षणी शंका येईल त्या क्षणी पाला बंद करणं हा एकमेव खरा उपचार. पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. सांगताना ‘शेळी आजारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. किती दिवसांपासून, कळपातल्या किती, कुठे चरतात, बेशरम खाताना कोणी पाहिलं का, हे सगळं सांगा. झाडाची फांदी सोबत न्या.

बाधा झालेल्या सगळ्या शेळ्या गोठ्यात ठेवा. खाली कोरडा पेंढा किंवा कुटार जाड अंथरा, पडली तर फासळ्या वाचतात. चारा आणि पाणी जमिनीलगत द्या. उंच गव्हाणीकडे मान वर केली की तोल जातो, ती पडते आणि मग उपाशी राहते. कुत्र्यांपासून आणि गर्दीपासून दूर ठेवा. पळवलं, घाबरवलं की कंप वाढतो.

स्वेन्सोनिन दुधातून उतरतं. बाधा झालेल्या शेळीचं करडू तिच्याखाली सोडू नका, दुसऱ्या शेळीखाली लावा किंवा बाटलीने पाजा. त्या शेळीचं दूध घरात किंवा विक्रीला नको, आणि पाला बंद केल्यापासून किमान महिनाभर ती कापायलाही नको. विष रक्तातून बऱ्यापैकी लवकर निघतं, तरी इथे घाई करण्यात काही शहाणपण नाही.

दर आठवड्याला एकाच वारी मान वर करून तपासा आणि वहीत लिहा: पडली, डोलली, ठीक. चार-सहा आठवड्यांत सुधारणा दिसली तर शेळी वाचली म्हणायची. पडण्यात फरकच नसेल तर मेंदूचं नुकसान कायमचं आहे. सुधारलेली शेळीही चटक विसरत नाही. तिला पुन्हा त्याच तळ्याकाठी नेलं तर ती पहिली बेशरमकडे धावेल आणि पाठोपाठ बाकीच्या. अशी शेळी बंदिस्त ठेवा. हा कठोरपणा नाही, उरलेल्या कळपाचा बचाव आहे.

ब्राझीलमध्ये शेळीला पाला खायला देऊन लगेच नळीने लिथियम क्लोराईड पाजण्याचा प्रयोग झाला आहे. पोटात ढवळतं आणि त्या झाडाची शिसारी बसते. पण लिथियम स्वतः विषारी आहे, हे पशुवैद्यकांशिवाय करायचं काम नाही. शिवाय कळपात न पाजलेली एखादी खाणारी शेळी राहिली तर बाकीच्या तिचं बघून पुन्हा शिकतात.

शेळी मेलीच तर शवविच्छेदन करून घ्या. उघड्या डोळ्यांना आत विशेष काही दिसत नाही, म्हणूनच ही विषबाधा वर्षानुवर्षं ‘कारण अज्ञात’ राहते. लहान मेंदू, स्वादुपिंड, थायरॉईड, यकृत आणि मूत्रपिंडाचे पातळ तुकडे दहापट फॉर्मेलिनमध्ये (10 टक्के) ठेवून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. फुग्यांनी भरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मोझांबिकमधल्या शेळ्यांमध्ये याच झाडाने होणारी बाधा 1999 मध्ये अशाच तपासणीने नोंदली गेली. सुदानमध्येही शेळ्या, मेंढ्या आणि वासरांना याच झाडाने त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे मेंढपाळ आणि गाईवाल्यांनीही निर्धास्त राहू नये.

भूक सांभाळा

चटक नंतर लागते; बेशरम खाण्याची सुरुवात रिकाम्या पोटामुळे होते. 30 किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो कोरड्या वजनाचा चारा लागतो. उन्हाळी रानातून तो पूर्ण मिळत नाही. सकाळी सोडण्याआधी प्रत्येकीला 300 ग्रॅम तुरीचं, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं कुटार द्या आणि पाणी पाजूनच बाहेर काढा. दहा शेळ्यांना तीन महिने म्हणजे 270 किलो कुटार. पीक निघतं तेव्हा शेतातून ते फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळतं. मार्चमध्ये शोधायला निघालात तर महाग पडतं. बाभळीच्या शेंगा, अंजनाचा आणि शेवरीचा पाला जोडीला घ्या. सुबाभूळ चालतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं.

पाणी प्यायला तळ्यावर न्यायचंच असेल तर बेशरम नसलेल्या काठाने उतरवा आणि पाणी पिऊन झालं की लगेच हलवा. तहानलेला कळप काठावर तासभर रेंगाळतो तिथेच सवय लागते. बाहेरून विकत आणलेल्या शेळ्या पहिले पंधरा दिवस वेगळ्या बांधा आणि बेशरमची एक फांदी दाखवून बघा. नवखी शेळी हुंगून तोंड फिरवते. जी तोंड पुढे करते तिच्यापुढून फांदी ताबडतोब काढा आणि तिला कळपात मिसळू देऊ नका.

झाड मुळापासून काढणं

तळ्याची जागा ग्रामपंचायतीची किंवा पाटबंधारे खात्याची असते, आधी परवानगी घ्या. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पाणी उतरलेलं असतं आणि काठाची माती अजून ओली असते, मुळं सहज निघतात. मे महिन्यात तीच माती दगडासारखी होते, मुळं तुटून आत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात.

कोयत्याने आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर खोडं तोडा. चीक हाताला, डोळ्याला लागू नये म्हणून हातमोजे घाला. तोडलेल्या फांद्या त्याच दिवशी काठावरून हलवा. एवढी एकच गोष्ट चुकली तरी सगळी मेहनत वाया जाते, कारण पेर असलेला बोटभर तुकडासुद्धा ओल्या चिखलात रुजतो. वाहत्या नाल्यात तर फांद्या अजिबात टाकू नका, खालच्या गावाला बेशरम पोचवाल. कातळावर किंवा मुरुमावर पसरवा, आठवड्याने उलटवा. खोड मोडताना कडाड आवाज आला आणि आत ओल दिसली नाही की मगच एका जागी जाळा. तोवर शेळ्या तिकडे फिरकू नयेत. कोमेजलेला पाला त्या अधिक सहज खातात आणि वाळल्याने विष जात नाही.

उरलेल्या खुंटाभोवती हातभर अंतरावर टिकावाने खणून मुळाचा गड्डा पहारीने वर उचला. काठाची माती ढासळू नये म्हणून एका हंगामात सगळा काठ उघडा करू नका. शेळ्यांच्या वाटेवरचा पट्टा आधी घ्या आणि मोकळ्या जागी हराळी किंवा वाळा लावा. तणनाशकाचा मोह पाण्याजवळ टाळा. कोरड्या जागेवर वापरायचंच असेल तर कृषी सहायकांच्या सल्ल्याने, आणि झाड पूर्ण मरेपर्यंत तिथे चराई बंद ठेवा.

गोठ्याला किंवा परसाला बेशरमचं कुंपण असेल तर तेही काढा. त्या जागी करवंद किंवा सागरगोटा लावा, दोन्हींचे काटेच पुरेसे असतात. घाणेरीचं कुंपण नको, ते एक विष काढून दुसरं लावल्यासारखं होईल.

काढलेल्या जागेवर तीन फेऱ्या ठरलेल्या: पंधरा दिवसांनी, पहिल्या पावसानंतर आठवड्याने आणि दिवाळीच्या सुमारास. पावसाळ्यातले कोंब वीतभर असतात, तेव्हा मुठीत धरून ओढले की मुळासकट येतात. दिवाळीपर्यंत राहिले तर त्यांना पुन्हा टिकाव लागतो.